बसूचा टीव्ही

"अण्णा, काल बसूच्या टीव्हीत तुमच्या सूनबाई दिसल्या," गहिनीनाथ हवालदार म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने चहा कपातून बशीत ओतला. फुरका मारला, मिशा पुसल्या, यंदा शिवरात्रीच्या यात्रेला माणसं कमी पडणार म्हणून जरा कुरकुरला. ईश्वरप्पा शेट्यांच्या भांड्यांच्या दुकानात सकाळचा पहिला चहा घ्यायचा आणि मग समोरच्या पोलीस चौकीत जाऊन बसायचं, हा त्याचा नेमच होता, त्यामुळे बोलणंही नेहमीचंच वाटलं. पण उठताना, टोपी डोक्यावर चढवताना, तो जरा वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मोटारसायकलवर हुत्या. म्हणलं, दुसऱ्या कुणी सांगण्यापरीस आपून सांगावं. आन् नंबर लई साफ आलाय बघा." ईश्वरप्पांच्या मांडीवर तेव्हा बारशाच्या अहेराचा स्टीलचा डबा होता आणि हातात नाव टाकायचं मशीन. मशीन 'आत्याकडून' पाशी पोहोचलं होतं. शेवटच्या अक्षरावर ते तसंच घरघरत राहिलं आणि 'न'च्या दांडीपाशी पत्र्याला चक्क भोक पडलं. चाळीसएक वर्षांच्या धंद्यात असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला आता काय तोंड दाखवायचं हा विचार यायला हवा होता, पण तो आला नाही. नंबर साफ आलाय, एवढेच शब्द डोक्यात वाजत राहिले. हेच शब्द ऐकायला त्यांचे कान किती आसुसले होते! कुणीतरी खाकीतला माणूस येईल, टोपी सारखी करील आणि म्हणेल, अण्णा, नंबर लई साफ आलाय. तो माणूस आला खरा, पण नंबर भलताच घेऊन आला.

बसू म्हणजे बसवेश्वर, त्यांचा एकुलता एक मुलगा. आणि टीव्ही म्हणजे टीव्ही नव्हेच, कॅमेरा. खाली दुकान, वर घर, घराला धान्याच्या मोंढ्याच्या चौकावर झुकलेली गॅलरी आणि गॅलरीच्या कठड्याला तारेने आवळलेला पत्र्याचा डबा. डब्यात कॅमेरा. त्याची काळी वायर केबलवाल्याच्या वायरींच्या गुंत्यातून रस्ता ओलांडून पोलीस चौकीत गेली होती, आणि तिथे एक व्हीसीआर आणि काळापांढरा पडदा मांडला होता. हे सगळं ईश्वरप्पांनी दिलेलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने देवळाला पंखा देतात, शाळेला घड्याळ देतात, जेवणावळीला पराती देतात, आणि पंख्याच्या पात्यावर, परातीच्या काठावर ते नाव घालतात. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही हा भाग वेगळा. असली नावं घालण्यातच ईश्वरप्पांचा जन्म गेलेला. त्यामुळे पोलिसांना कॅमेरा दिला तेव्हा त्यावर नाव घालायचं की नाही, असा प्रश्नच त्यांना पडला नाही. पेंटरने सवयीने 'कै.' लिहिलं ते त्यांनी पुसायला लावलं. आमच्यात गेलेला माणूस लिंगाशी एक होतो बाबा, 'लिं.' लिही, म्हणाले. लिं. बसवेश्वर ईश्वरप्पा शेटे यांच्या स्मरणार्थ. पांढऱ्यावर लाल, चौकातून वाचता येईल एवढं मोठं. पुढे नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाला. आणि कॅमेरा चालू झाल्यावर चार दिवसांत पडदा धुरकटला, कारण हे परळी. थर्मल वीजकेंद्राची राख इथे वाळत घातलेल्या पापडावर बसते, देवाच्या पिंडीवर बसते, तर काचेला कशी सोडील? तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली, कपाळाला भस्म लागलं, की ईश्वरप्पा स्टूल घेऊन गॅलरीत जायचे आणि धोतराच्या सुताच्या मऊ फडक्याने काच पुसायचे. काच पुसून झाली की नाव पुसायचे. एक जगदेवी, त्यांची बायको, तेवढी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायची. ती कधी काही बोलली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

बसू गेला तो नांदूरघाटच्या रस्त्यावर. लग्नघरी भांडी पोहोचवून स्कूटरवरून परत येत होता. उन्हं कलली होती, रस्ता मोकळा होता, अंधार नव्हता, पाऊस नव्हता. कशाला बोल लावावा असं काहीसुद्धा नव्हतं. मागून टेम्पो आला आणि तसाच पुढे गेला. बांधावर शेळ्या राखत बसलेल्या छबुबाईंनी सगळं बघितलं. म्हातारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली होती म्हणे, आणि शेळ्या कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरल्या तरी उठली नव्हती. पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, बाई, टेम्पोचा नंबर? "दिसली की पाटी," म्हातारी म्हणाली. "पिवळी व्हती. वर काळं लिवल्यालं व्हतं. लई जवळून दिसली. पर मला वाचाया कुठं येतंय, बाबा?" ईश्वरप्पा तिथेच उभे होते. त्यांना तिचा राग यायला हवा होता, आला नाही. उलट तिला रडू आलं तेव्हा तेच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पण तेव्हापासून त्यांचं असं झालं, की रस्त्यावरची प्रत्येक पाटी ते वाचायला लागले. एसटीची, उसाच्या ट्रॅक्टरची, नव्याने आलेल्या सुमोंची, दवाखान्याच्या गाडीची. समोर गिऱ्हाईक घागरीचा भाव करतंय आणि अण्णांचे ओठ हलताहेत, एमएच तेवीस, एमएच चोवीस. लोक समजले, जप करतात. म्हणून तर, परगावच्या एका नातेवाइकाच्या कारखान्यात फाटकावर असला कॅमेरा लावलेला बघितला तेव्हा त्यांना अगदी आतून वाटलं, की हे पाहिजे. याला दिसतंही आणि याला वाचता येत नसलं तरी चालतं. दिसलेलं जसंच्या तसं ठेवून देतो, मग ज्याला वाचता येतं त्याने सावकाश वाचावं.

चौकाला हे नवीन होतं, आणि चौकाने ते आपल्या पद्धतीने पचवून टाकलं. कुणी भिंतीशी उभा राहायला लागला की पानवाला ओरडायचा, "बसू बघायलाय बे!" आडतीवर मापात कुणी हात मारला की हमाल हसून वर बोट दाखवायचे. चौकीत बसून पडदा बघायला कुणाला मनाई नव्हती, कारण मनाई करणारा नियमच अजून जन्माला आला नव्हता. पोलिसांनाही हे नवीनच. फौजदारसाहेब म्हणायचे, व्यापाऱ्यांनी दिलंय, व्यापाऱ्यांनी बघावं, आपला लपून काय कारभार आहे? दुपारची विक्री मंदावली की दोघे-चौघे चौकीत जाऊन काल चौकात काय झालं ते आज बघत बसायचे, जे काल त्यांनी दुकानात बसून बघितलेलंच असायचं. सुरुवातीला ईश्वरप्पांना या सगळ्याचं बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. मेलेल्या माणसाचं नाव लोक हळू आवाजात घेतात, मग घेतच नाहीत. बसूचं नाव मात्र दिवसातून दहादा चौकात घुमायचं, तेही हसत. संध्याकाळी दिव्याची वेळ झाली की ते स्वतः चौकीत जाऊन बसायचे. गहिनीनाथ टेप मागे घेऊन द्यायचा, चहा सांगायचा. ते टेम्पो बघायचे. पांढरा, पिवळ्या पाटीचा. असे टेम्पो परळीत भाजीपाल्यासारखे झालेले, आणि त्यातला तो सापडला तरी ओळखायचा कसा, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. छबुबाईंनी सांगितलं होतं, डावीकडचा दिवा फुटला होता. फुटलेला दिवा कुणी एवढे दिवस तसाच ठेवील का? हे त्यांनाही कळत होतं. तरी ते जायचे. तो पडदा बघत बसलं की आपण बसूसाठी काहीतरी करतोय असं वाटायचं. उठलं की ते वाटणं थांबायचं. आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक काम केलं होतं. अंबाजोगाईकडून येणाऱ्या गाड्या बंद पडलेल्या एसटीडी बूथच्या कोपऱ्यावर वळताना हळू होतात, तिथे पाटी नीट दिसेल, असं त्यांच्या ध्यानात आलं. फौजदारांना विचारून, स्टुलावर चढून, त्यांनी स्वतःच्या हाताने डब्याचं तोंड त्या कोपऱ्याकडे फिरवलं होतं.

दुपारी चौकीत कुणी नव्हतं. गहिनीनाथने टेप लावली, मागे घेतली, थोडी पुढे, थोडी मागे, आणि मग स्वतः दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तेवढं भान त्या माणसाला होतं. पडद्यावर कोपरा आला. मुकं चित्र, त्यात आडव्या रेघा थरथरणाऱ्या. एक बैलगाडी गेली. एक कुत्रं बूथच्या पायरीवर येऊन बसलं. मग मोटारसायकल आली आणि थांबली, आणि मागून त्यांची सून शिवांजली उतरली, खांद्याला शाळेची पर्स, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. चालवणाऱ्याने काहीतरी म्हटलं. त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं, दिसत होती ती पाठ आणि जरा विरळ झालेले केस; पोरसवदा नव्हे, चाळिशीकडे झुकलेला माणूस. आणि शिवांजली हसली. नुसती गालात नव्हे. मान मागे टाकून, वह्या छातीशी धरून, आवाज नसलेलं मोठं हसू. ईश्वरप्पा पुढे सरकले. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं, पण कुठलं ते लगेच सापडेना. मग तिने सहज वर बघितलं. कॅमेऱ्यात बघितलं म्हणजे पडद्यातून थेट त्यांच्याकडेच बघितलं. डब्याचं तोंड इकडे फिरलंय हे तिला त्या क्षणी कळलं असणार, आणि डब्यावरचं लाल नावही तिथून स्वच्छ वाचता येत होतं. हसू ओठांवर आलेलं तसं विझलं. तिने पदर डोक्यावरून ओढला, वह्या दुसऱ्या हातात घेतल्या, आणि खाली मान घालून चालायला लागली. मोटारसायकल वळली. वळताना पाटी समोर आली, आणि नंबर खरंच साफ आला होता. एकेक आकडा. ईश्वरप्पांचे ओठ सवयीने हलले.

"आरटीओला वळखीचा माणूस हाय," दाराकडून गहिनीनाथ म्हणाला. "एक फोन लावला की नाव, गाव, बाप, समदं कळंल. लावू का?"

"नको."

"तसं न्हाई अण्णा, चांगल्या घरचा हाय का लफंगा हाय, एवढं तरी..."

"नको म्हणलं की, गहिनीनाथ." मग आपला आवाज चढल्याचं त्यांना कळलं आणि ते वरमले. "अजून कुणी बघितलं का?"

गहिनीनाथने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "किराणावाले धोंडीरामशेट हुते काल. त्यांनीच दावलं मला. आज सांजच्याला बैठक हाय न्हवं यात्रेची, तितं ते इषय काडनार हायेत. म्हणत्यात, हे केबलवर टाका. घरोघरच्या टीव्हीत चौक दिसला पायजे."

चौकी ते दुकान म्हणजे एक रस्ता ओलांडायचा. पण ईश्वरप्पा मधल्या पिंपळाच्या पारावर टेकले. ते हसू आता सापडलं होतं. धारूरहून एक जण मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते, लग्न अजून ठरायचं होतं, पण भांडी स्वस्त मिळताहेत म्हणून घेऊन ठेवणार होते. सोबत मुलगी. गल्ल्यावर ईश्वरप्पा, मशीनवर बसू. बसूने पहिली कळशी मांडीवर घेतली आणि भांड्याकडे बघत विचारलं, "नाव काय टाकू?" बाप म्हणाला, "शिवांजली टाका. म्होरलं मोकळं सोडा, ते म्हाईत न्हाई अजून." बसूने मान वर केली, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाला, "म्होरली जागा किती सोडू? लांब नाव आसंल तर मावायचं न्हाई." तेव्हा ती हसली होती, अशीच, मान मागे टाकून, आणि बापाने डोळे वटारले तरी थांबली नव्हती. त्या मोकळ्या जागेत बसूने पुढे स्वतःचं नाव घातलं. नाव मावलं, जागाही उरली. ईश्वरप्पा पारावर बसून होते आणि समोरून गाड्या जात होत्या. दोन-तीन गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण पाट्या वाचल्या नाहीत. वर गॅलरीत डबा उन्हात तळपत होता. इथून तो डबा त्यांनी कधी असा बघितलाच नव्हता. ते नेहमी वरून, स्टुलावरून, काचेच्या मागून बघणार. इथून दिसत होतं ते एवढंच, की बसूच्या नावाखाली एक काळा डोळा आहे आणि तो ज्या वाटेने त्याची बायको घरी येते त्या वाटेवर रोखलेला आहे. आपल्या पोराचा असा उपयोग आपण केला. बसू जिवंत असताना बायकोला कुठे गेलीस असं विचारणाऱ्यातला नव्हता. मेल्यावर बापाने त्याला चौकीदार करून उभा केला.

जगदेवी ज्वारी निवडत बसली होती. शिवांजली अजून शाळेतून यायची होती. ईश्वरप्पा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच बसले.

"तुला म्हाईत हाय?" ते म्हणाले.

जगदेवीने काय, असं विचारलं नाही. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "पर भाकरी थापताना गुणगुणाया लागली पोरगी. म्हणलं, गुणगुणू दे."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"तुमाला कावून बोलू? तुमी सांजच्याला तितं जाऊन बसायलाव, सकाळी ती काच पुसायलाव. त्या टेम्पोबिगर काय दिसतंय का तुमाला?" ती एवढं एका दमात बोलली आणि मग तिचा आवाज खाली आला. "त्या डब्यावर तुमी बसूचं नाव टाकलं, तवापासून ती गॅलरीत धुणं वाळत घालाया जाईना. आतच घालती, मोरीपाशी. केस वाळवाया बी न्हाई जात. ध्यानात आलं का तुमच्या?"

आलं नव्हतं. गॅलरीतली दोरी रिकामी असते हे ते रोज बघत होते. त्यांना वाटलं, राखेमुळे.

"तो टेम्पो घावंल तवा घावंल," जगदेवी म्हणाली. "न्हाई तर न्हाई घावायचा. बसू गेलाय. ही हाय." आणि तिने पुन्हा सूप हातात घेतलं, कारण रडायचं असलं की ती हाताला काम लावायची.

यात्रेच्या बैठकीला सात-आठ जण होते, आणि चौकीतली बाकडी पुरेनात म्हणून धोंडीरामशेट आपल्या किराणा दुकानातली खुर्ची घेऊन आले होते. माणूस दांडगा उत्साही. गावात कुणाकडे काय शिजलं हे त्यांना फोडणी पडायच्या आधी कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायचं तर त्यांचं पोट दुखायचं. फौजदारसाहेबांनी बंदोबस्ताचं बोलणं उरकलं, आणि मग धोंडीरामशेटांनी विषय काढलाच. केबलवाला तयार आहे, एक मोकळं चॅनेल आहे, सगळ्या गावाने घरबसल्या चौक बघावा. चोर सापडतील, खिसेकापू सापडतील, "आन् गावात कोण कुणासंगं फिरायलंय, ते बी कळंल की," असं म्हणून ते हसले आणि हसताना त्यांनी ईश्वरप्पांकडे बघितलं. दुसरे दोघे हसले. बाकीचे हसले नाहीत, पण त्यांनीही बघितलं. फौजदारांनी हात पसरले. "वरून अजून नियम आलेला नाही. कुणी बघायचं, किती दिवस ठेवायचं, काही लेखी नाही. येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांनी दिलंय त्यांनी सांगावं. अण्णा, काय करू?"

ईश्वरप्पा उभे राहिले. बैठकीत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. दुकानात तर ते बसूनच बोलायचे. "केबलवर न्हाई टाकायचं," ते म्हणाले. "आन् हितं बसून बी कुणी बघायचं न्हाई. चोरी झाली, मारामारी झाली, कुणाला गाडीनं उडवलं, तर पोलिसांनी बघावं. तक्रार आसंल तर. न्हाई तर टेप पुसायची आन् तिच्यावर दुसरी भरायची. व्यापाऱ्यानं बघायचं न्हाई. मी दिलंय म्हणून सांगायलोय. न्हाई जमत तर मी आत्ता वायर काढतो."

फौजदारांनी टेबलावरची पेन्सिल उचलून खाली ठेवली. "चालेल," ते म्हणाले. "तसंच करू, नियम येईपर्यंत. पण अण्णा," आणि इथे त्यांचा आवाज मऊ झाला, कारण रोज संध्याकाळी हा म्हातारा कशासाठी येऊन बसतो हे त्यांना माहीत होतं, "मग ते तुम्हालाही लागू होणार. तुम्हालाही येऊन बसता येणार नाही."

हे ईश्वरप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पारावर बसल्यापासून ते याच एका गोष्टीभोवती घुटमळत होते. पडदा त्यांच्या पाठीमागेच होता, चालू होता. त्यावरून आत्ता या घटकेला कोण जात असेल? पांढरा टेम्पो, डावीकडे फुटका दिवा, पिवळी पाटी. मागे वळून बघायचा मोह त्यांना अनावर झाला. उद्या संध्याकाळी दिव्याची वेळ होईल तेव्हा आपण कुठे बसायचं? बसूसाठी काय करायचं? त्यांनी मागे बघितलं नाही.

"न्हाई येनार," ते म्हणाले.

"अण्णा, रागावू नका," धोंडीरामशेट म्हणाले. गप्प बसणं त्यांना जमणारं नव्हतं. "पर एवढं लपवाया टीव्हीत दिसलं तरी काय? तो मोटारसायकलवाला कोन हाय?"

"आमचे पाव्हणे हायेत," ईश्वरप्पा म्हणाले. बोलून गेले आणि मगच आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पाव्हणे हा शब्द आमच्याकडे सोयऱ्याला, जावयाला लावतात, हे त्या बाकड्यांवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शब्द परत घ्यायला वेळ होता. गहिनीनाथ टक लावून बघत होता. त्यांनी घेतला नाही. उलट त्यांना एकदम हलकं वाटलं. "घरी येनं-जानं हाय त्यांचं," असं आणखी पुढे ढकलून दिलं, जे साफ खोटं होतं, आणि चपला घालून ते बाहेर पडले.

दुकानात दिवाबत्तीची वेळ झाली होती. शिवांजली खाली येऊन फोटोंपुढे उदबत्ती लावत होती, आधी वैजनाथ, मग बसवण्णा, मग तिच्या नवऱ्याचा फोटो. तिने त्यांना येताना बघितलं आणि नजर खाली वळवली. काल दुपारपासून ती अशीच खाली बघून वावरत होती, हेही त्यांच्या ध्यानात आत्ताच येत होतं. तिला वाटत असणार, आता काहीतरी होणार. त्यांनी स्टूल ओढलं, सकाळी गॅलरीत नेतात तेच, आणि वरच्या फळीवरची कोरी पितळी कळशी काढायला चढले. कळशी जड होती.

"काय काढायलाव, मामा? मी देते की," ती पुढे झाली.

"धर." त्यांनी कळशी तिच्या हातात दिली, सावकाश उतरले, गादीवर बसले आणि मशीनची वायर तिच्याकडे सारली. "एवढं लाव बटनात."

तिने लावलं. मशीन घरघरलं. त्यांनी कळशी मांडीवर आडवी घेतली, धोतराने पुसली, चष्मा पुढे ओढला आणि काठाखाली अक्षरं घालायला लागले. ती शेजारी उभी राहून बघत होती. शि. वां. ज. पुढच्या अक्षराला ती जवळ वाकली.

"मामा, हे कशाला?"

"आंदणाची हाय," ते म्हणाले, मान वर न करता. "तुझ्या. बाकीची भांडी सवडीनं काढू. आपलं दुकान हाय, घाई न्हाई." तिने भिंतीला हात टेकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. ईश्वरप्पांनाही ते बघवलं नसतं, म्हणून ते कळशीकडेच बघत राहिले. नाव पुरं झालं. पुढची जागा मोकळी होती, बरीच होती, लांब नाव असलं तरी मावेल एवढी. मशीनचं टोक त्या जागेवर आणून त्यांनी धरलं. "नंबर मी वाचलाय, पोरी," ते म्हणाले. "नाव तेवढं सांग."

ती काहीतरी म्हणाली. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी बटण बंद केलं. दुकान उघडंच होतं, समोर चौक भरलेला होता, पानवाल्यापाशी माणसं उभी होती आणि धोंडीरामशेट आपली खुर्ची उचलून रस्ता ओलांडत होते.

"मोठ्यानं सांग," ईश्वरप्पा म्हणाले. "चौकात ऐकू गेलं तरी चालंल."

शिवांजलीने मान वर केली आणि नाव सांगितलं.